बटणाभोवतीची निळी चौकट कुठे गेली?

आज बोलायचंय एका बटणाबद्दल. हो, साध्या बटणाबद्दल. माझ्या एका ओळीमुळे एका ताईंना रात्री नऊपर्यंत हिशोब जुळवत बसावं लागलं, त्याची ही गोष्ट.

आम्ही एका पतसंस्थेसाठी डेस्कटॉप ॲप करत होतो, जावाएफएक्समध्ये. काउंटरवरच्या ताई पिग्मीच्या पावत्या भरायच्या, आणि माउसला हातसुद्धा लावायच्या नाहीत. आकडा टाकायचा, टॅब, टॅब, स्पेस, की पुढची पावती. स्पीड बघून मी थक्क झाले होते.

नवीन व्हर्जनमध्ये मी दोन बदल केले. 'रद्द करा' हे बटण 'जतन करा'च्या आधी आणलं. आणि सगळी बटणं हिरवी केली, स्टाइलशीटमध्ये बॅकग्राउंडच्या रंगाची एक ओळ टाकून. दिसायला एकदम भारी! सगळ्या टेस्ट पास. पाठवून दिलं.

ताईंचा हात सवयीने चालला. टॅब, टॅब, स्पेस. पण आता ते 'रद्द करा' होतं. आणि गंमत म्हणजे जतन केलं तरी फॉर्म रिकामा होतो, रद्द केलं तरी रिकामाच. संध्याकाळी रोकड जुळेना, तेव्हा कळलं.

तुम्ही म्हणाल, बटणांची जागा बदलली, ती चूक. ती होतीच. पण बटणावर फोकस आला की त्याभोवती निळी चौकट दिसते ना? ती दिसली असती तर ताई थांबल्या असत्या. आपण फोनवर जिथे बोट ठेवतो तिथेच काम होतं. कीबोर्डवाल्याला मात्र 'तू आत्ता इथे आहेस' हे स्क्रीननेच सांगावं लागतं. ती चौकट गायब होती आणि मी ती मुद्दाम काढलीच नव्हती!

मग काय झालं? जावाएफएक्सची स्वतःची डिफॉल्ट स्टाइलशीट असते, तिचं नाव मोडेना. मोडेनामध्ये बटणाची ती निळी चौकट ही वेगळी बॉर्डर नसते. एकावर एक रंगाचे थर दिलेले असतात आणि फोकस आला की त्या थरांची यादीच बदलते. म्हणजे चौकटसुद्धा बॅकग्राउंडचाच भाग! आता नियम असा की आपली स्टाइलशीट टूलकिटच्या स्टाइलशीटपेक्षा वरचढ. मी साध्या बटणासाठी लिहिलेला एक रंग, मोडेनाच्या 'फोकस असलेलं बटण' या नेमक्या नियमावरही भारी पडला. माउस वर नेल्यावर बदलणारी छटासुद्धा त्यातच गेली.

उपाय फार सोपा निघाला. बॅकग्राउंड न रंगवता बटणाचा 'बेस' रंग बदलायचा. मोडेना बहुतेक छटा त्या एका रंगावरून काढते. बेस गडद केला तर अक्षरं आपोआप फिकट होतात, आणि चौकटही जागेवर राहते.

पण खरा धडा टेस्टचा. आमच्या टेस्ट 'क्लिक केल्यावर जतन होतं का' एवढंच बघत होत्या. मी न लिहिलेलं, टूलकिटने फुकट दिलेलं जे रूप आहे, ते कोणीच तपासत नव्हतं. म्हणून मी टेस्ट लिहायला बसले आणि तीनदा आपटले.

पहिल्यांदा, नुसतं बटण तयार करून रंग विचारला. उत्तर रिकामं. बटण सीनमध्ये ठेवून सीएसएस लागू करायला सांगावं लागतं, तोपर्यंत त्याला स्टाइलच नसते.

दुसऱ्यांदा, बटणाला फोकस दिला, पण बिल्ड सर्व्हरवर खिडकीलाच फोकस नव्हता. मग 'फोकस्ड' ही सीएसएसमधली अवस्था हाताने चालू केली.

तिसऱ्यांदा फोकसच्या आधीचं आणि नंतरचं बॅकग्राउंड वेगळं आहे का, हे तपासलं. टेस्ट पास! जुन्या, बिघडलेल्या स्टाइलवरसुद्धा पास! कारण रंग माझा होता, पण थराचं कडेपासूनचं अंतर अजून मोडेनाचं होतं आणि ते फोकसला किंचित बदलतं. डोळ्याला न दिसणारा फरक टेस्टला दिसत होता. मग फक्त रंगांची तुलना केली, आणि टेस्ट एकदाची लाल झाली. लाल टेस्ट बघून इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

आता प्रत्येक कंपोनंट आम्ही तीन अवस्थांत तपासतो: साधा, फोकस असलेला आणि बंद केलेला. एकदा आमच्या स्टाइलसकट, एकदा तिच्याशिवाय. तिच्याशिवाय का? कारण डिफॉल्टही बदलतात. 2014 मध्ये जावा 8 आलं तेव्हा जुनी कॅस्पियन थीम जाऊन मोडेना डिफॉल्ट झाली. कोड तोच, रूप वेगळं.

ताईंना मी फोन करून सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या, "अगं, मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं." हे वाक्य मला जास्त लागलं. आपल्या ॲपची चूक वापरणारा माणूस स्वतःवर घेतो.

तर आज एक करा. तुमचं ॲप उघडा, माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब दाबत जा. आपण कुठे आहोत ते कळतंय का, बघा. नाही कळलं तर पहिली टेस्ट तिथेच लिहा. भेटूया पुढच्या भागात!