मापकाठी कुणाच्या हाती?

विक्रेत्याने स्वतःच्या घरी घडविलेल्या मापाने धान्य मोजून द्यावे, ही रीत कोणत्याही बाजारपेठेत फार काळ चालली नाही. शेर-पायलीवर राजमुद्रा उमटू लागली ती याच अविश्वासातून. इलेक्ट्रॉनिक सिगारेटची सुरक्षितता मोजण्यासाठी मानके ठरविताना आज हाच जुना प्रश्न पुन्हा उभा आहे.

ही सिगारेट चिनी औषधशास्त्रज्ञ होन लिक यांनी २००३ च्या सुमारास घडविली. हिच्यात तंबाखू जळत नाही. बॅटरीवर तापणारी तारेची गुंडाळी द्रवाची वाफ करते आणि तिच्याबरोबर निकोटीन शरीरात जाते. ज्वलन नसल्याने धुरातील कित्येक विषे टळतात. परंतु टळली ती किती आणि नव्याने आली ती कोणती, हे मोजल्यावाचून कळत नाही. लोण्याचा स्वाद देणारे डायअॅसिटिल खाद्यपदार्थांत सर्रास वापरले जाते. मात्र अमेरिकेतील मिसूरी राज्यात मक्याच्या लाह्यांच्या एका कारखान्यातील कामगारांना, त्याच स्वादाच्या वाफा हुंगल्याने फुप्फुसांचा बरा न होणारा विकार जडल्याचे २००० साली उघडकीस आले. जिभेला मानवले ते श्वासाला मानवेलच असे नाही.

मग हे मोजमाप कुणी करावे? येथे जुन्या सिगारेटचा इतिहास डोळ्यांत अंजन घालणारा आहे. अमेरिकेत १९६७ पासून यंत्राकरवी सिगारेट ओढवून टारचे आकडे काढले जात. कारखानदारांनी फिल्टरच्या कागदाला सूक्ष्म छिद्रे पाडली. यंत्राच्या झुरक्यात त्यांतून हवा मिसळे आणि आकडा उतरे. माणसाची बोटे व ओठ मात्र ती छिद्रे अनेकदा झाकीत. शिवाय निकोटीन कमी पडले की तो झुरका अधिक खोल घेई. ‘लाइट’ या शब्दावर विसंबलेल्यांचा धोका काही हलका झाला नाही. अखेर व्यापार आयोगाने २००८ साली त्या पद्धतीची मान्यता काढून घेतली. तोवर चार दशके उलटली होती.

२०१५ मध्ये फ्रान्सने व ब्रिटनने इलेक्ट्रॉनिक सिगारेटसाठी स्वेच्छेने पाळावयाची मानके प्रसिद्ध केली. फ्रान्समध्ये मानक-समितीचे अध्यक्षपद फुप्फुसरोगतज्ज्ञ बर्त्रां दोत्झेनबर्ग यांच्याकडे होते. ब्रिटनमधील दस्तऐवजाचे प्रायोजकत्व मात्र याच धंद्याच्या व्यापारी संघटनेकडे होते. धंद्यातील माणसांचे ज्ञान टाकाऊ नाही. गुंडाळी कशी तापते हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? परंतु माहिती पुरविणे वेगळे आणि निवाडा करणे वेगळे.

भारताने २०१९ च्या कायद्याने या सिगारेटचे उत्पादन व विक्रीच बंद केली. जेथे विक्रीस मुभा आहे, तेथे काही पथ्ये अपरिहार्य ठरतात. नमुने कारखान्यातून न मागविता दुकानातून घ्यावेत. झुरक्याची लांबी माणसांच्या सवयीवरून ठरवावी. तपासनिसाचे वेतन विक्रेत्याच्या खिशातून येऊ नये. आणि नापास मालाची नावेही जाहीर व्हावीत. एवढे न झाले, तर मानकाचा शिक्का ग्राहकाचे रक्षण करण्याऐवजी मालाची जाहिरात करील. आणि कुंपणानेच शेत खाल्ल्यावर दाद मागावयाची कुणाकडे?