‘आई आलं’ म्हणणाऱ्या मुलांच्या गावात

या संमेलनाला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून, बेळगाव-कलबुर्गीकडून, गोव्याहून आलेल्या मराठीच्या शिक्षक बंधुभगिनींनो,

सोलापुरात आपले स्वागत. स्वागताध्यक्ष म्हटले की संयोजक एखादा साखर कारखान्याचा चेअरमन नाहीतर गिरणीमालक गाठतात. मंडपाचे बिल त्याच्या नावावर टाकता येते. आमच्या जुन्या गिरण्या केव्हाच बंद पडल्या, म्हणूनच की काय, यंदा एका निवृत्त मास्तराला पकडले आहे. माझ्याकडून मंडपाचे पैसे निघणार नाहीत. ३१ वर्षे शहराच्या पूर्व भागात मराठी शिकवली, त्यातले थोडे सांगतो आणि जागेवर जाऊन बसतो.

पूर्व भाग म्हणजे यंत्रमागांचा भाग. दिवसभर खडखडाट, टॉवेल आणि चादरींचे गठ्ठे, आणि दारादारांत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाया. घरात तेलुगू. बाळीवेशीकडे गेलात की कन्नड, आणखी पुढे दखनी. मराठी त्या मुलांना भेटते ती बाजारात आणि शाळेत. मी इथे रुजू झालो तेव्हा पटावरची म्याकल, येमूल, इप्पलपल्ली ही आडनावेसुद्धा मला धड वाचता येत नव्हती. हजेरी घेताना वर्ग माना खाली घालून हसायचा.

पहिल्याच वर्षी पाचवीला ‘माझी आई’ हा निबंध दिला. एका मुलाने लिहिले होते : ‘माझी आई विडी वळतं. रात्री कारखान्यातून पान घेऊन आलं की मी पण बसतो.’ मी तांबड्या शाईने ‘वळतं’ खोडून ‘वळते’ केले, ‘आलं’ खोडून ‘आली’ केले, पानभर तेच केले आणि वर्गापुढे म्हणालो, ‘अरे, आई काय नपुंसकलिंगी असते?’ वर्ग हसला. मुलगा बसला. त्यानंतर सहामाहीपर्यंत तो माझ्या तासाला एक अक्षर बोलला नाही. त्याच्या निबंधात दहा वर्षांचे पोर रात्री आईबरोबर विड्या वळायला बसते, हे लिहिलेले होते. ते मी वाचलेच नव्हते.

उलगडा झाला तो शिक्षकखोलीत. आमचे एक गणिताचे सर तेलुगू घरातले. ते म्हणाले, ‘मास्तर, चूक कसली? आमच्या भाषेत एकवचनात बाईला आणि भांड्याला क्रियापद एकच. अम्मा वच्चिंदि, कुक्का वच्चिंदि. आई आली, कुत्रं आलं, दोन्हीकडे वच्चिंदि. पुरुष आला तरच वच्चाडु.’ म्हणजे मुलगा बेपर्वाईने लिहीत नव्हता, आपल्या आईच्या व्याकरणाने नेमके लिहीत होता. आणि आपली मराठी तरी काय कमी छळते? दगड तो, भिंत ती, घर ते. यामागचा नियम कुणाला सांगता येत असेल तर त्याने या दोन दिवसांत मला जरूर गाठावे, चहा माझ्याकडून.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात म्हणालो, ‘आज तुम्ही मला तेलुगू शिकवायचे.’ फळ्यापाशी उभा राहून मोठ्या ऐटीत वाक्य टाकले : ‘अम्मा वच्चाडु.’ वर्ग असा फुटला की शेजारच्या वर्गावरच्या बाई दारात आल्या. मी आईला पुरुष करून टाकले होते! मागच्या बाकावरून तोच मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘सर, वच्चाडु नाही, वच्चिंदि.’ सहामाहीनंतरचे त्याचे ते पहिले वाक्य. माझी चूक काढण्यासाठी त्याने तोंड उघडले, आणि मग ते मिटले नाही.

तो पुढे मोठा लेखक झाला असे सांगता आले असते तर भाषण रंगले असते. तो आज एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहतो. शब्दांचे लिंग अजूनही अधूनमधून घसरते, पण रस्त्यात भेटला की स्कूटर बाजूला लावून अर्धा तास बोलतो, मराठीत.

एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितले होते, विद्यार्थ्यांचे मित्र व्हा. मला ते कधी पटले नाही. मित्र त्यांना गल्लीत पुष्कळ असतात. भाषेच्या शिक्षकाची मुलांशी गट्टी जमते किंवा तुटते ती त्यांच्या वाक्याचे आपण काय करतो यावर. गणिताच्या सरांनी उत्तर चूक ठरवले म्हणून मुलाच्या घरापर्यंत ओरखडा जात नाही. आपण बोलणे चूक ठरवले की तो जातो, कारण ते बोलणे आईचे असते. म्हणून पुढे मी एक सवय लावून घेतली. मूल ‘सर, आई आलं’ म्हणाले की ‘हो का? कधी आली?’ असे विचारायचे. दुरुस्ती माझ्या तोंडून होते आणि गप्पा चालू राहतात. वहीत एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवायची, आणि खाली एक ओळ मजकुराबद्दल लिहायची, उदाहरणार्थ ‘पाने भिजवतात कशाला?’ पुढच्या वहीत त्याचे उत्तर आलेले असायचे. परीक्षेत गुण कापले जातात, तेव्हा ‘वळते’ शिकवावेच लागते, त्यातून सुटका नाही. आधी काय ऐकायचे, एवढाच प्रश्न.

साने गुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. त्यांनी मुलांचे कपडे धुतले ही गोष्ट आपण सारखी सांगतो, आणि आपल्याला ते जमणार नाही म्हणून खजील होतो. मला त्यांचे हाताने लिहिलेले ‘छात्रालय दैनिक’ अधिक मोलाचे वाटते. छात्रालयातल्या मुलांसाठी रोज वाचायला काही हवे, म्हणून शिक्षक रोज लिहायला बसतो! आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. आपल्याला फार तर एक बाक ओलांडून मागे जायचे आहे.

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला अभिजात दर्जा मिळाला. दोन्हींचा मला आनंद आहे. पण सक्तीने मूल वर्गात बसते, बोलते होत नाही. इंग्रजी शाळांत मराठी शिकवणारे तुम्ही जे तरुण समोर बसला आहात, तुमचा तास सगळ्यांत अवघड. उद्याच्या चर्चेत तुमचे ऐकायचे आहे, आम्हा जुन्यांना मध्ये बोलू देऊ नका.

आता सोयीचे सांगतो. जेवण दीड वाजता, मंडपामागे. कडक भाकरी, शेंगाचटणी, आमटी. भाकरी मोडून आमटीत भिजू द्या, घाई केलीत तर दाताची जबाबदारी स्वागत समितीवर नाही. वाढायला विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या मावश्या आहेत. त्या पंगतीतून फिरत ‘सर, चटणी मिळालं का?’ असे विचारतील. हाडाचे मराठी शिक्षक आपण, जीभ वळवळेल. कृपा करून दुरुस्त करू नका. ‘मिळाली, मावशी, अजून वाढा’ म्हणा.