क्षमा करावी ती दुसऱ्याने

संमेलनाच्या अध्यक्षाने गोड बोलावे, असा रिवाज आहे. ख्रिस्ती संमेलनात तर त्यावर प्रेम, क्षमा, शांती असा तिपेडी हारही चढतो. आज तो हार खुंटीलाच राहू द्या.

ख्रिस्ती माणसाला क्षमेची गोष्ट फार आवडते. अट एवढीच, की क्षमा करणारा दुसरा कुणी असावा.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात, इंदूरला निघालेल्या बसमध्ये समंदर सिंगने सिस्टर राणी मारिया यांना भोसकून मारले. आदिवासींना सावकारी पाशातून सोडवणारी ही केरळी नन गावच्या बड्यांना खुपत होती. समंदरला जन्मठेप झाली. २००२ मध्ये राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या मनगटावर राखी बांधली. पुढे राणी मारियांच्या घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला आणि २००६ मध्ये तो बाहेर आला. ओरिसात १९९९ साली नवरा आणि दोन मुलगे जिवंत जाळले गेल्यावर ग्लॅडिस स्टेन्स यांनीही मारेकऱ्यांना माफ केले. या दोघींची नावे निघाली की सभागृहाचे डोळे पाणावतात. पाणावलेल्या डोळ्यांना समोरची भिंत दिसत नाही, ही त्यातली सोय!

ही भिंत विटांची आहे. तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर इथल्या कॅथलिक दफनभूमीत ती दलितांच्या कबरी इतरांपासून वेगळ्या करण्यासाठी उभारली गेली. गोव्यात बामण, चारडो, सुदीर हे जातिभेद चर्चच्या कॉन्फ्रारियांत, म्हणजे धार्मिक मंडळांत, मुरले, आणि स्थळे पाहताना ते आजही आठवतात. यावर ठरलेले उत्तर येते: जात पूर्वाश्रमीची, धर्मांतराबरोबर आली. मान्य! पण गोव्यात बाप्तिस्मे सुरू झाले सोळाव्या शतकात. तेव्हापासून तिला देवळात बसायला जागा कुणी दिली? भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण काढून भेदभावाची कबुली दिली, हे बरे झाले. परंतु कबुलीनंतर प्रायश्चित्त असते, हे धर्मगुरूंना इथून शिकवायला नको.

कुणी समाधान मानू नये, की क्षमा दुसऱ्यावर ढकलण्याचा हा दोष इथल्या काळ्या मातीचाच. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये चर्चच्या अधिकृत शिकवणीत बदल करून मृत्युदंड अमान्य ठरवला. २०२१ मध्ये प्यू रिसर्च सेंटरने अमेरिकेत मते विचारली, तेव्हा ५८ टक्के कॅथलिक मृत्युदंडाच्या बाजूचे निघाले. गोऱ्या इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांत हे प्रमाण ७५ टक्के होते. उलट नास्तिकांपैकी ६५ टक्के विरोधात होते. मृत्युदंड भोगलेल्याला जे प्रभू म्हणतात, त्यांना जल्लाद हवा आहे. प्रभूच न मानणारे दया मागत आहेत.

येशूच्या दृष्टान्तातला तो दास आठवा. धन्याने त्याचे डोंगराएवढे कर्ज सोडले, आणि बाहेर येताच त्याने किरकोळ येण्यासाठी सोबत्याची नरडी धरली. उपासनेत हा उतारा वाचताना प्रत्येकाला शेजाऱ्याचा चेहरा दिसतो, ही त्या दासाचीच तऱ्हा.

दुपारी ठराव मांडले जातील. पहिला ठराव असा यावा: ज्या धर्मग्रामात दफनाची जागा किंवा कॉन्फ्रारियाचे सभासदत्व जन्मावरून ठरते, तिथल्या सणाला या संमेलनाचा एकही पदाधिकारी जाणार नाही. ज्यांचा विरोध असेल, त्यांनी उभे राहावे, धर्मग्रामाचे नाव सांगावे आणि कारणही सांगावे.