ओल आणि वही

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी विदुषी येतात आणि आपल्याला चार हिताच्या गोष्टी सांगतात. यंदा कार्यकारिणीने मला उभे केले, ते माझ्या एका दोनशेपानी वहीपायी. भाषणाची मला सवय नाही. तेव्हा घडले तसे सांगते.

आम्ही गिरगावात एका जुन्या चाळीत भाड्याने राहतो. तिसरा मजला, दोन खोल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे मजल्याचे सामाईक संडास. २०२२ च्या पावसाळ्यात त्या भिंतीला ओल आली, पोपडे सुटले आणि दसऱ्यापर्यंत काळी बुरशी धरली. धाकट्याचे अंथरूण त्याच भिंतीशी. रात्री त्याला खोकल्याची उबळ येई, ती पहाटेपर्यंत मला बसवून ठेवी.

भाडे न्यायला मालकांचे मेहताजी येत. भिंत दाखवली की म्हणत, "वहिनी, मुंबईचा पाऊस आहे. सगळ्यांच्याच भिंती ओल्या." मी चिडून बोले; ते ऐकून घेत, पावती फाडत आणि जात. सासूबाई म्हणत, "फार बोलू नकोस. इमारत धोकादायक ठरवली तर बिऱ्हाड कुठे मांडशील?" या भीतीला मी हसणार नाही. आपल्यापैकी कितीतरी जणी तिच्यापायीच गप्प आहेत.

मग मी वही घातली. शेजारचे काका कोर्टात कारकून होते. त्यांना पहिली दोन पाने दाखवली. मी लिहिले होते, 'हा नरकवास आहे, मालकाला दया नाही.' काका म्हणाले, "सूनबाई, हे खरे असेल, पण यात तारीख कुठे आहे?"

त्या दिवसापासून राग बाजूला ठेवला. ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढली आणि शेजारी तारीख घातली. दर सोमवारी फूटपट्टीने मोजायचे. पट्टी भिंतीला लावूनच, एकाच जागेवरून मोबाइलवर फोटो काढायचा. पाऊस होता की नव्हता, मूल कितीदा उठले, मेहताजींना काय सांगितले, ते काय म्हणाले, सारे लिहायचे. ओल वाढली नाही तर तेही लिहायचे. माझी एक चूकही वहीत आहे: मी ओले कपडे त्याच खोलीत वाळत घालीत असे. ते बंद केले, खिडकी उघडी ठेवली. तरी रेघ सरकतच राहिली.

होळी झाली, आंबे आले. मे महिन्यात आकाशात ढग नाही आणि ओल मात्र चार बोटे पुढे! मग पाऊस कुठला? पाणी पलीकडच्या नळाचे. जे मला आठ महिने भांडून सिद्ध करता आले नाही, ते त्या एका पानाने केले.

भगिनींनो, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १४ प्रमाणे घर दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही काही झाले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाला भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. आमच्या जुन्या भाड्याचा चौथा हिस्सा म्हणजे प्लंबरचे गाडीभाडे! म्हणून नोटिशीचे १५ दिवस गेल्यावर वहीच्या नकला जोडून पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला आणि पोच घेतली. डॉक्टरांकडेही गेले. "खोकला भिंतीमुळेच, असे मी लिहिणार नाही," असे म्हणून त्यांनी तपासणीत जे आढळले तेवढेच लिहिले. मला आधी राग आला, पण तेच बरोबर होते. ओल आणि बुरशीने दम्याचा त्रास वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालीच सांगितले आहे. आपण त्यात पदरचे घालण्याची गरज नाही.

पालिकेचे निरीक्षक आले. भिंतीपेक्षा वहीच त्यांनी जास्त वेळ पाहिली. पावसाळा संपण्याआधी नळ बदलला. इमारत आहे तिथेच आहे आणि आम्हीही. भिंत वाळायला दिवाळी उजाडली. मुलाचा खोकला गेला नाही, कमी झाला. आता मी झोपते.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. भाडे थकवू नका आणि पावती सोडू नका. मूळ कागद हातचा देऊ नका, नक्कल द्या. लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना हे कलम जसेच्या तसे लागत नाही. त्यांनी करारनामा आधी वाचावा.

आपण घरात वाण्याची वही ठेवतो, दुधाचे खाडे मांडतो. मग ज्या भिंतीशी आपली मुले निजतात, तिचा हिशोब का ठेवू नये? मंडळाने यंदा बारा कोऱ्या वह्या आणल्या आहेत. सभा संपल्यावर लाजू नका, घेऊन जा. पहिल्या पानावर आजची तारीख घाला.