पाच ताऱ्यांचा मोह

श्रोतेहो, पूर्वी दुकानाचे नाव चांगले की वाईट, हे देवळाच्या ओट्यावर आणि पाणवठ्यावर ठरत असे. आता ते मोबाईलवर ठरते. गिऱ्हाईक आधी दुकानापुढचे तारे मोजते, दोन-चार अभिप्राय वाचते आणि मगच पायांत चप्पल घालते. हार्वर्डचे अभ्यासक मायकेल लुका यांनी २०११ साली अमेरिकेतील सिॲटल शहरातल्या उपाहारगृहांचा हिशेब मांडला. एक तारा वाढला की उत्पन्न शेकडा ५ ते ९ ने वाढते, असे त्यांना आढळले. म्हणजे तारा हा गल्ल्यातला पैसाच झाला. आणि पैसा आला की मोह आलाच!

माझीच गोष्ट सांगतो. माझी लहानशी खाणावळ आहे. सुरुवातीला नावापुढे एकही तारा नव्हता. भाचा म्हणाला, "मामा, माझ्या बारा मित्रांना सांगतो. संध्याकाळपर्यंत काम फत्ते!" मी मान डोलावली. त्यांतल्या एकानेही माझ्याकडचा घास खाल्ला नव्हता. एका पठ्ठ्याने तर मटणाची तारीफ लिहिली, आणि माझी खाणावळ शाकाहारी! दुसऱ्या दिवशी नेहमीचे एक आजोबा जेवता जेवता म्हणाले, "काय हो, मटण कधी सुरू केलंत?" मला मान वर करवेना. ते बाराही अभिप्राय मी त्याच रात्री काढायला लावले.

हा नुसता लाजेचा प्रश्न नाही. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी 'आयएस १९०००' हे मानक काढले. पैसे देऊन लिहवून घेतलेल्या अभिप्रायांना त्यात थारा नाही. गूगलच्या नियमांप्रमाणे अभिप्रायाच्या बदल्यात सूट किंवा फुकट वस्तू देता येत नाही. खूश दिसणाऱ्यालाच 'लिहा हो' म्हणायचे आणि नाराजाला गुपचूप वाटेला लावायचे, हेही त्या नियमांत बसत नाही. विचारायचे तर सगळ्यांना सारखे विचारावे.

आणि निंदा आली तर? एका बाईंनी लिहिले, "आमटी खारट, पोळ्या गार." मी तावातावाने उत्तर लिहायला बसलो. बायकोने फोन काढून घेतला नि म्हणाली, "आधी आमटी चाखा." चाखली. खारटच होती! मग लिहिले, "चूक आमची. मिठाचे माप आता ठरवून दिले आहे. पुन्हा जरूर या." त्या पुन्हा आल्या की नाही, ठाऊक नाही. पण ते उत्तर वाचून आलो, असे सांगणारे मात्र भेटले.

निंदा साफ खोटी असेल, तर त्या संकेतस्थळाकडे रीतसर तक्रार करावी. चारचौघांत गिऱ्हाइकाचे नाव-गाव, फोन नंबर उघडा करू नये. शेजारच्या दुकानावर टोपणनावाने चिखलफेक तर मुळीच करू नये. उद्या तोच चिखल आपल्या दारात यायचा.

श्रोतेहो, तराजूत पासंग ठेवणाऱ्याला आपण चोर म्हणतो. खोटा तारा हा तसाच पासंग आहे. माझ्या खाणावळीला आज पाच तारे नाहीत. पण जे आहेत, ते जेवून गेलेल्यांनी दिलेले आहेत. आता आजोबांपुढे मान वर करून वाढता येते.