घरबसल्या ग्रंथालय

आजच्या सावित्रीबाई फुले पुणें विद्यापीठाची स्थापना १९४९ सालीं झाली, त्या वेळीं त्याच्या कार्यक्षेत्रांत बारा जिल्हे मोडत असत. पहिले कुलगुरु बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांचें नांव धारण करणारें विद्यापीठाचें ग्रंथालय मात्र एकट्या पुण्यांत. सुरगाण्यासारख्या दूरच्या तालुक्यांतील विद्यार्थ्यास एखादें नियतकालिक पाहावयाचें झाल्यास गाडीभाडें, उतरण्याची सोय आणि दोन-तीन दिवसांची सवड यांची तरतूद करावी लागे. ग्रंथ फुकट, पण ग्रंथापर्यंतचा रस्ता महाग, अशी ती स्थिति होती.

आतां काळ पालटला आहे. बहुतेक शास्त्रीय नियतकालिकें आज संगणकाच्या पडद्यावर वाचावयास मिळतात. त्यांना ना कपाट लागतें, ना टपालहंशील. तेव्हां तीं घरीं वाचण्यास अडचण ती कसली, असें कोणासही वाटेल. परंतु अनुभव निराळा येतो. विद्यापीठाच्या वाचनकक्षांत जो निबंध क्षणांत उघडला, तोच गांवीं उघडूं जातां प्रकाशक तीस-चाळीस डॉलर मागतो. दोन-तीन हजार रुपयांची ही मागणी पाहून गरीब विद्यार्थी त्या निबंधाचा नादच सोडून देतो. वस्तुतः त्याच्या वतीनें विद्यापीठानें वर्गणी अगोदरच भरलेली असते!

असें कां व्हावें? विद्यापीठ जें विकत घेतें तें बहुधा वाचनाचा परवाना होय, ग्रंथ नव्हे. प्रकाशकाचें यंत्र वाचकास चेहऱ्यावरून ओळखत नाहीं. इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीस आयपी नांवाचा एक क्रमांक असतो, आणि विद्यापीठाच्या आवारांतील अशा क्रमांकांची यादी प्रकाशकाजवळ असते. त्या यादींतील क्रमांकावरून मागणी आली कीं दार उघडतें. घरच्या क्रमांकावरून आली कीं तोच विद्यार्थी परका ठरतो.

यावर तीन उपाय रूढ आहेत. पहिला मध्यस्थाचा, म्हणजे प्रॉक्सीचा. वाचक प्रथम आपल्या ग्रंथालयाच्या यंत्राकडे जातो, आपलें नांव व पासवर्ड सांगतो, आणि पुढील मागणी तें यंत्र आपल्या क्रमांकावरून करतें. या कामीं जगभर वापरली जाणारी ईझीप्रॉक्सी ही योजना अमेरिकेंतील ॲरिझोना राज्याच्या एका महाविद्यालयांतील ग्रंथपाल ख्रिस झागर यांनीं १९९९ सालीं तयार केली. वाचकांची अडचण एका ग्रंथपालानेंच दूर केली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. दुसरा उपाय व्हीपीएनचा. यांत घरचा संगणक जणूं विद्यापीठाच्या जाळ्यांतच जोडला जातो. तिसरा ओळखपत्राचा. प्रकाशकाच्या पानावर 'संस्थेमार्फत प्रवेश' अशा अर्थाची सूचना असते. ती निवडून यादींतून आपल्या संस्थेचें नांव घ्यावें. पासवर्ड संस्थाच तपासते. प्रकाशकास तो कळत नाहीं, केवळ 'हा वाचक आमचा' एवढी ग्वाही पोंचते. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट या केंद्राची 'इन्फेड' ही व्यवस्था याच तत्त्वावर चालते. महाविद्यालयांकरितां त्याच केंद्राची 'एन-लिस्ट' ही योजना आहे.

सरकारनेंही या कामीं मोठा खर्च आरंभिला आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें 'एक राष्ट्र एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरितां ६,००० कोटि रुपये, ३० प्रकाशक, सुमारें १३,००० नियतकालिकें आणि सरकारी व्यवस्थापनाखालील ६,३०० हून अधिक संस्था, असा तिचा व्याप आहे. एवढें द्रव्य खर्चूनही विद्यार्थ्यास आपला पासवर्ड कोठें मिळतो हेंच ठाऊक नसेल, तर त्याच्यापुरती ती योजना नसल्यासारखीच होय.

म्हणून प्रवेश मिळाल्याच्या पहिल्याच आठवड्यांत विद्यार्थ्यानें ग्रंथपालांस भेटावें, आपलें नांव नोंदवावें आणि आवाराबाहेरून एक निबंध उघडून पाहावा. परीक्षा किंवा सुट्टी येईपर्यंत थांबूं नये. २०२० च्या मार्चमध्यें टाळेबंदीमुळें विद्यापीठांचे दरवाजे एकाएकीं बंद झाले, त्या वेळीं या सोयीची किंमत सर्वांसच कळून आली.

सोयीबरोबर जबाबदारीही येते. आपला पासवर्ड मित्रासही देऊं नये. तसेंच हव्यासापोटीं शेंकडों निबंध एकदम उतरवून घेऊं नयेत. प्रॉक्सीमागील सारे वाचक प्रकाशकास एकाच क्रमांकाचे दिसतात. एकाच्या अतिरेकामुळें तो क्रमांक बंद झाला, तर साऱ्या विद्यापीठाचें वाचन अडतें. शिवाय पदवी हातीं पडल्यावर हा प्रवेश बहुधा संपतो. तथापि तेवढ्यानें निराश होण्याचें कारण नाहीं. भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचें 'शोधगंगा' हें भांडार सर्वांस विनामूल्य खुलें आहे, आणि खरगपूरच्या आयआयटीनें उभारलेलें राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही सर्वसामान्य वाचकांस उपयोगी पडतें.

शिक्षकांनीं व पालकांनीं ही माहिती खेडोपाडींच्या मुलांस अवश्य द्यावी. शहरांतील विद्यार्थी ती एकमेकांकडून सहज मिळवितो. दूरच्यास ती कोणीं तरी सांगावी लागते, आणि तिची खरी गरज त्यालाच असते.