बेघरांची नोंदवही कोणाच्या हातात?

(पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या आणि नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलामुलींसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे. शहरातल्या बेघर माणसांची माहिती महापालिका कशी गोळा करते, कुठे ठेवते आणि पुढे तिचं काय करते, यावर मला बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, हे तर कारकुनी काम. आहेच. पण तुमच्यातले कितीतरी जण स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करताहेत. कोणी पालिकेत कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर होईल, कोणी समुदाय संघटक, कोणी शिक्षक होईल आणि जनगणनेचं काम त्याच्या अंगावर येईल. म्हणजे ही नोंदवही उद्या तुमच्याच पुढ्यात असणार आहे. आपल्या घरात पहिल्यांदा पेन आलं ते आपल्या पिढीत. ते पेन कोणाचं नाव लिहितं आणि कोणाचं गाळतं, याचा विचार आपण नाही करायचा तर कोणी?

आपल्या चळवळीला आकड्यांचं राजकारण नवीन नाही. १९३२ साली लोथियन समितीपुढे मताधिकाराचा प्रश्न होता, तेव्हा देशात अस्पृश्य नेमके किती यावरच वाद उभा राहिला. हक्क वाटायची वेळ येताच काही प्रांतांतून संख्या आटली. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. त्यांनी वेगळं टिपण जोडून संख्येचा प्रश्न लावून धरला. त्यातून घ्यायचा धडा साधा आहे: ज्याला द्यायचं नसतं, तो आधी मोजणीत कमी करतो.

बेघरांचं तेच होतं. २०११ च्या जनगणनेत देशात १७.७३ लाख बेघर नोंदले गेले. त्यातले ९.३८ लाख शहरांत होते. त्याआधी २००१ मध्ये एकूण आकडा १९.४३ लाख होता आणि शहरांतला ७.७८ लाख. म्हणजे एकूण संख्या घटली, पण शहरांतली वाढली. ही मोजणी झाली एका रात्रीत, २८ फेब्रुवारी २०११ ला. फुटपाथ, पुलाखालची जागा, मोठे पाइप, जिन्याखाली, रेल्वे फलाट, देवळाचं उघडं आवार, अशा ठिकाणी झोपलेल्यांना त्या एका रात्रीत शोधायचं होतं. आता विचार करा. हमाल रात्रपाळीला गेलेला असतो. बाई सुरक्षित राहावं म्हणून कोणाला दिसणार नाही अशाच जागी झोपते. ज्या पुलाखालून पोलिसांनी कालच हुसकावलं, तिथे आज कोणी नसतं. एका रात्रीत जो सापडला नाही, तो पुढची दहा वर्षं कागदावर नाही. इथे तर दहाऐवजी पंधरा-सोळा वर्षं होतील, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही.

दिल्लीचं उदाहरण घ्या. २०११ च्या जनगणनेत दिल्लीत ४६,७२४ बेघर होते. तीन वर्षांनी, २०१४ मध्ये, दिल्ली नागरी निवारा सुधारणा मंडळाच्या सर्वेक्षणात ते १६,७६० झाले. दोन्ही आकडे सरकारी. तीन वर्षांत तीस हजार लोकांना घरं मिळाली असं दिल्लीत कोणी म्हणणार नाही. पण पहिला आकडा धरला तर निवारे अपुरे ठरतात, आणि दुसरा धरला की तेच निवारे पुरेसे वाटू लागतात. भाग कशाला द्यायचा यावर उत्तर बदलतं. हे गणित आपल्याला शाळेत शिकवलेलं आहे.

दिल्लीच्या या मंडळाची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. कोणत्या रैन बसेऱ्यात किती जागा आणि काल रात्री किती माणसं होती, हे ते संकेतस्थळावर प्रसिद्ध करतं. प्रत्येक महापालिकेने हे केलं पाहिजे. पण इथेच एक खाच आहे. निवारा अर्धा रिकामा दिसला की अधिकारी म्हणतो, बेघरांनाच यायचं नाही. ते का येत नाहीत, याचा रकाना त्या तक्त्यात नसतो. निवारा कामाच्या नाक्यापासून लांब आहे. हातगाडी ठेवायला जागा नाही. नवरा एका निवाऱ्यात आणि बायको-लेकरं दुसऱ्यात, असं कुटुंब तोडावं लागतं. किंवा दारातच आधार कार्ड मागितलं. माझ्या मते निवाऱ्याच्या रजिस्टरमधली सगळ्यात महत्त्वाची नोंद आत आलेल्यांची नसून परत पाठवलेल्यांची आहे: आज किती जणांना नाही म्हटलं आणि कोणत्या कारणाने. ती नोंद ठेवली तर पुढचा निवारा कुठे आणि कसा हवा हे आपोआप कळेल.

आता कायद्याची बाजू. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निकष घालून दिला: शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक निवारा. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवारा ही योजना आली, तिने हाच निकष घेतला. हा निकष नीट वाचा. तो शहराच्या लोकसंख्येवर बेतलेला आहे, बेघरांच्या मोजणीवर नाही. २०११ च्या लोकसंख्येने मुंबईला १२४ निवारे लागतात, पुण्याला ३१. त्यामुळे ‘आमचं सर्वेक्षण अजून व्हायचंय’ हे निवारा न बांधण्याचं कारण होऊ शकत नाही. सर्वेक्षण हवं, पण ते निवारा कुठे, कोणासाठी आणि कसा हे ठरवायला. पुढे पैसे मिळूनही निवारे का दिसत नाहीत, हे तपासायला न्यायालयाला २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमावी लागली. कागदावरचा निवारा जमिनीवर आहे का, हे बघायला समिती लागते, याचाच अर्थ पालिकेच्या नोंदीवर न्यायालयाचाही विश्वास उरला नव्हता.

सर्वोच्च न्यायालयापुढे जानेवारी २०१८ मध्ये उत्तर प्रदेशच्या निवाऱ्यांत आधार मागितलं जातं हे समोर आलं. न्यायालयाने सरळ विचारलं की ज्याला घरच नाही, त्याचं आधार कोणत्या पत्त्यावर निघणार? निवाऱ्यासाठी कागद, आणि कागदासाठी पत्ता. हे चक्र आपल्या वस्त्यांतल्या लोकांना चांगलं माहीत आहे. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातीला १९५० चा, विमुक्त-भटक्यांना १९६१ चा पुरावा शोधावा लागतो. पुलाखाली जन्मलेल्या पारध्याच्या पोराने तो कुठून आणायचा? त्याचं नाव असलेला पहिला सरकारी कागद कदाचित निवाऱ्याचं रजिस्टरच असेल. म्हणून ती नोंद तारखेसह, नीट, न खोडता झाली पाहिजे आणि मागितली तर त्याला तिची प्रत मिळाली पाहिजे.

आता जातीच्या रकान्याकडे येऊ. इंडो-ग्लोबल सोशल सर्व्हिस सोसायटी या संस्थेने महाराष्ट्रासह पाच राज्यांत चार हजारांहून अधिक बेघरांची पाहणी केली, तेव्हा त्यांत निम्म्याहून अधिक माणसं अनुसूचित जाती-जमातींची निघाली. बेघरपण म्हणजे दारू, आळस किंवा नशीब, असं सांगणाऱ्यांना हा रकाना उत्तर देतो. गावात जमीन नव्हती, गावकुसाबाहेरची जागाही आपली नव्हती, शहरात आल्यावर भाड्याची खोली विचारली तर आडनाव विचारलं गेलं. शेवटी उरला फुटपाथ. नोंदीत जात नसेल तर हे सगळं ‘गरिबी’ या एका शब्दाखाली पुरलं जातं.

अमेरिकेकडे बघा. तिथे केंद्राच्या गृहनिर्माण खात्याचा निधी हवा असेल तर स्थानिक यंत्रणांना बेघरांच्या सेवांची नोंद एका ठरावीक नमुन्यातल्या संगणक प्रणालीत ठेवावी लागते. त्याचे प्रमाण-नियम २००४ पासून आहेत आणि त्यात वंशाचा रकाना सक्तीने भरावा लागतो. त्यामुळेच २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या बेघर सेवा प्राधिकरणाला लिहावं लागलं की परगण्याच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे नऊ टक्के आहेत, पण बेघरांत सुमारे चाळीस टक्के. रकाना होता म्हणून वर्णभेद आकड्यात पकडता आला.

पण तिथलीच दुसरी बाजूही ऐका. घर आधी कोणाला द्यायचं हे ठरवायला अनेक शहरांनी एक प्रश्नावली वापरली. आजार, व्यसन, अत्याचार यांवर प्रश्न विचारायचे आणि गुण द्यायचे. अनोळखी माणसापुढे असलं बोलायला कोण धजावतं? ज्या समाजाला सरकारी खात्यांचा वाईट अनुभव आहे, तो तर तोंड मिटूनच घेणार. गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांना कमी गुण मिळतात असं अभ्यासांतून पुढे आलं, आणि ती प्रश्नावली बनवणाऱ्यांनीच २०२० च्या अखेरीस ती मागे घ्यायचं जाहीर केलं. यंत्रात घातला म्हणून भेदभाव नि:पक्षपाती होत नाही. आपल्याकडे असं काही आलं, तर गुण कशाचे आहेत हे आधी विचारा.

आणि नोंद हत्यारही होते, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक असणार? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांची नावं रजिस्टरात घेतली ती हजेरीसाठी, कुंपणात डांबण्यासाठी. सोलापूरच्या सेटलमेंटची आठवण अजून घराघरात आहे. कायदा १९५२ मध्ये गेला, पण संशयाची सवय गेली नाही. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने रस्त्यावरच्या गरिबालाच पकडण्याचा अधिकार पोलिसांना दिला. दिल्लीत लागू असलेल्या या कायद्यातल्या मुख्य तरतुदी उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवल्या. अशा देशात निवाऱ्याची यादी पोलीस ठाण्यात गेली तर काय होईल, हे सांगायला नको. अमेरिकेत कौटुंबिक हिंसाचारातून सुटलेल्या स्त्रियांना आसरा देणाऱ्या संस्थांना त्यांची ओळख सामाईक प्रणालीत टाकायला कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे, पण सरकारी लाभ देण्याच्या कामात त्याने सरकारला संमतीबाबत मोठी सूट दिली आहे. त्यामुळे नियम पालिकेकडूनच लिहून घ्यावे लागतील: रात्रीच्या आसऱ्यासाठी बोटाचा ठसा नको, निवाऱ्याला लागेल तेवढीच माहिती, आणि ती कोण बघू शकतो हे जाहीर.

जात नोंदवा म्हणतो आणि जपून नोंदवा असंही म्हणतो, यात विरोध नाही. किती जण आणि कोणत्या समाजाचे, हा आकडा सगळ्यांसमोर हवा. कोण, कुठे झोपतो, हे नाव-गाव कुलपात हवं. आज बहुतेक ठिकाणी उलटं आहे: एकूण आकडा मागितला तर मिळत नाही, आणि नावांचं रजिस्टर टेबलावर उघडं पडलेलं असतं.

मग करायचं काय? चार कामं सांगतो.

एक. माहिती अधिकाराचा अर्ज तुम्हाला लिहिता येतो. आपल्या महापालिकेला विचारा: निवारे किती, कुठे, रोजची उपस्थिती किती, बेघरांचं शेवटचं सर्वेक्षण कधी आणि कोणी केलं, खर्च किती. याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे ही माहिती न मागता प्रसिद्ध व्हायला हवी, हेही अर्जात लिहा.

दोन. मतदार नोंदणी. बेघर माणसाला पत्त्याचा कागद लागत नाही. नमुना ६ मध्ये तो झोपतो ती जागा लिहायची, आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री तिथे येऊन खात्री करायची, अशी निवडणूक आयोगाची पद्धत आहे. दोन संध्याकाळ काढल्या तर एका पुलाखालची सगळी माणसं यादीत येतात. ज्याचं मत आहे, त्याच्याकडे नगरसेवक जातो.

तीन. येत्या जनगणनेत जातही मोजली जाणार आहे. तिची संदर्भ तारीख देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ आहे. बेघरांची मोजणी मागच्यासारखीच झाली तर ती २८ फेब्रुवारीच्या रात्री असेल. आतापासून आपल्या प्रभागातल्या जागांची यादी करा आणि प्रगणकाला द्या. त्या रात्री पोलिसांनी कोणाला हुसकावू नये, असं पत्र आयुक्तांना आधीच द्या.

चार. आणि तुम्ही स्वतः त्या खुर्चीवर बसाल तेव्हा ‘कागद नाही’ हे कारण लिहून कोणाला परत पाठवू नका. नाव विचारताना अहोजाहो करा. जात विचारली तर का विचारतो ते सांगा, आणि सांगायची नसेल तर रकाना मोकळा सोडा, अंदाजाने भरू नका. वरून आकडा कमी करायला सांगितलं, तर लेखी मागा.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी गरिबी आणि दुर्बल घटकांचं काम पालिकांकडे सोपवण्याची वाट करून दिली. पालिका म्हणजे काही फक्त इमारत नाही, तिथे बसलेली माणसं आहेत. आजवर त्या टेबलाच्या पलीकडे आपले लोक उभे राहिले, हात जोडून. आता टेबलाच्या अलीकडेही आपण येत आहोत. तेव्हा समोर उभ्या माणसाला बसायला सांगायचं, आणि त्याचं नाव तो सांगेल तसं, पूर्ण लिहायचं.

जय भीम. जय संविधान.